किलोमागे पन्नास ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दोन पारड्यांचा नाही, लाल आकडे दाखवणारा, विजेवर चार्ज होणारा. माझं स्टीलचं ताट एका कोपऱ्यात चेपलं आहे आणि बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत. आयुष्यभर मी भाजी मोजली. पण एका उन्हाळ्यात माझ्या ताटात असं काही ठेवलं गेलं, की त्याची आठवण झाली तरी मी आजही थक्क होतो. तीच गोष्ट सांगायची आहे. तिच्यात माझी थोडी बदनामी आहे. ती वगळून सांगितली तर गोष्ट खोटी होईल, आणि खोटं सांगणं काय असतं ते मी एकदा अनुभवलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात ॲल्युमिनियमची एक लहानशी पट्टी आहे. ताटात काही ठेवलं की ती वाकते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ती किती वाकली यावरून आकडा ठरतो. वजन उचललं की ती पुन्हा सरळ होते. कारखान्यात माझ्यावर पहिल्यांदा पितळेचं एक चकचकीत वजन ठेवलं, माझा आकडा बरोबर आला, आणि मला खोक्यात भरलं.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका दुकानातून मला अमरदीपनं विकत घेतलं. अमरदीप इचोड्याला हमरस्त्याच्या कडेला भाजी विकायचा. हैदराबादहून नागपूरला जाणारे ट्रक समोरच्या ढाब्यावर थांबत. त्याचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, समोर लाकडी फळी, आणि मागे दोन खोल्यांचं घर. घरात तो आणि त्याची आई पंचफुलाबाई. पंचफुलाबाई तरुणपणी बेला गावाकडच्या शेतांमध्ये कापूस वेचायला जायची. पुढे इचोड्याला येऊन डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकू लागली. तिच्याकडे लोखंडी वजनं आणि एक जुना तराजू होता. मला फळीवर ठेवलं तेव्हा तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"याचं पारडं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"याले पारडं नसते माय. हा आतून मोजते," अमरदीप म्हणाला.

"आतलं कोणाले दिसते?" असं म्हणून तिनं तराजू आणि वजनं फळीखाली नीट गुंडाळून ठेवली. टाकून मात्र दिली नाहीत.

दरवर्षी वजनमापाचे साहेब येत. ते माझ्यावर त्यांची वजनं ठेवून पाहत आणि माझ्या पोटाजवळच्या तारेला शिशाचा शिक्का मारून जात. तो शिक्का म्हणजे माझी अब्रू होती. मी वांगी मोजली, टमाटे मोजले, ढाब्याचे वीस-वीस किलो कांदे मोजले. तेलुगू बोलणारे गिऱ्हाईक म्हणत, "अन्ना, तुझं तूकम करेक्ट." तूकम म्हणजे वजन. शाळेतून निवृत्त झालेले शिपाई रामाजी रोज सकाळी पाव किलो काहीतरी घ्यायचे. पाव किलोच, पण आकडा पाहिल्याशिवाय पिशवी उघडायचे नाहीत. आकडा पाहून मान हलवायचे. त्या मान हलवण्यात मला माझा पगार मिळायचा.

काही वर्षांनी अमरदीपचं लग्न झालं. नीलिमा घरात आली. इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी, आणि बोलली तर नेमकं बोलणारी. दुपारी ती दुकानात बसू लागली. ती माझं ताट रोज पुसायची. त्याआधी ते आठवड्यातून एकदा पुसलं जायचं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले.

मित्रांनो, बाळ घरात येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या नावाचा खर्च घरात येतो, हे मी तेव्हा पाहिलं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पैसे लागत नाहीत. पण दवाखान्यापर्यंत जायला ऑटो लागते. सोनोग्राफीची सरकारी तारीख लांबची मिळाली आणि डॉक्टरीण बाई म्हणाल्या लवकर करा, म्हणून ती बाहेर करावी लागली. नीलिमाच्या अंगात रक्त कमी निघालं. अमरदीप दुकानातलं बीट आणि पालक निवडून घरात न्यायचा, ते गिऱ्हाइकाला विकायचाच नाही. तरी रक्त वाढेना, मग सुया आल्या. बाळ मे महिन्यात होणार होतं. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत मोठ्या माणसालाही बसवत नाही, म्हणून कूलर आला, हप्त्यानं. पत्र्यावर टाकायला गवताच्या पेंढ्या आल्या. पंचफुलाबाईनं आपलं सगळ्यात मऊ झालेलं सुती लुगडं फाडून त्याची दुपटी केली. एवढी एकच गोष्ट घरात पैशाशिवाय आली.

सातव्या महिन्यात डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, रक्तदाब चढतो आहे, केव्हाही भरती करावं लागेल, हाताशी पैसे ठेवा. त्या दिवशी अमरदीप दुकानात परत आला आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना कितीतरी वेळ नुसता माझ्या आकड्यांकडे पाहत राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, कोबी द्या ना." तेव्हा कुठे तो भानावर आला. पण त्यानं घरात कोणाला काही सांगितलं नाही. नीलिमानं विचारलं, "डॉक्टरीण बाईच्या बोलण्याचं टेन्शन आलं का?" तर म्हणाला, "छे! सगळं होते बरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला पोत्यात गुंडाळलं आणि काटे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्या माणसानं माझ्याकडे न पाहताच विचारलं, "किती करू?"

अमरदीप रिकाम्या पोत्याची घडी घालू लागला. तो माणूसच म्हणाला, "किलोमागे पन्नास ग्रॅम करतो. कोणाच्या ध्यानात येत नाही."

त्यानं शिशाचा शिक्का तोडला. माझं पोट उघडलं. बटणं दाबून काहीतरी फिरवलं आणि तसाच दिसणारा दुसरा शिक्का लावला. मग माझ्यावर एक किलोचं वजन ठेवलं. माझी पट्टी एक किलोचीच वाकली. मला दुसरं येतच नाही. पण आकडा आला एक हजार पन्नास.

असा मी खोटा झालो.

दोन महिने तो खोटेपणा चालला. कांद्याच्या वीस किलोत एक किलो हवा होती. रामाजींच्या पाव किलोत बारा ग्रॅम. ते आकडा पाहून पूर्वीसारखीच मान हलवत, आणि मला वाटायचं की या म्हाताऱ्यानं आज तरी मान हलवू नये. अमरदीपलाही ते सोसत नसावं. कारण त्याच दिवसांत तो प्रत्येकाच्या पिशवीत कोथिंबिरीची मोठी जुडी फुकट टाकू लागला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. नीलिमा एकदा म्हणाली, "एवढा सांबार काऊन वाटून राह्यले तुमी? खर्चाचे दिवस आहेत."

"लोकं आशीर्वाद देतात," तो म्हणाला. तिला ते खरं वाटलं.

एप्रिल अर्धा झाला तोच नीलिमाचे हातपाय सुजले आणि डोकं दुखू लागलं. सरकारी गाडी बोलावली, तिला आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बाळ महिनाभर आधी जन्माला आलं. मुलगी. वजन पंधराशे ग्रॅम. ही बातमी पंचफुलाबाईला फोनवर समजली, तेव्हा ती माझ्याशेजारी बसली होती. तिनं गिऱ्हाइकानं स्वतः आकडा वाचून तोलून ठेवलेल्या भेंडीकडे पाहिलं. माझ्या आकड्यात ती भेंडी दीड किलोच होती. तिनं दोन्ही हातांनी ती उचलली, छातीपाशी नेली, आणि पुन्हा ठेवली. "एवढीशीच?" ती स्वतःशीच म्हणाली.

बाळाला अठरा दिवस काचेच्या पेटीच्या वॉर्डात ठेवलं होतं. तिथे कशाचे पैसे लागले नाहीत. पण अमरदीप रोज जायचा-यायचा, नीलिमाला डबा न्यायचा, दुकान अर्धा दिवस बंद राहायचं, भाजी उन्हात मान टाकायची. अठरा दिवसांनी बाळ अठराशे ग्रॅमचं झालं आणि दवाखान्यानं घरी सोडलं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अमरदीपच्या शर्टाच्या आत. तिला उघड्या छातीशी धरायला नर्सबाईंनी शिकवलं होतं, आईनं आणि बापानंही, म्हणजे तिची ऊब टिकते. ऑटोतून उतरला तेव्हा त्याच्या शर्टाच्या दोन बटणांमधून एक डोकं दिसत होतं. मोसंबीएवढं. त्यावर ओल्या रेशमासारखे केस. बाजारातले लोक आपापली गिऱ्हाइकं सोडून उभे राहिले.

नर्सबाईंनी नीलिमाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, दर दोन तासांनी बाळाला जागं करून दूध पाजायचं, ओढत नसेल तर काढून चमच्यानं. दुसरी, वजनावर लक्ष ठेवायचं. दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम वाढलं पाहिजे, आणि कमी झालं तर त्याच दिवशी परत यायचं. आमच्या भागातल्या आशा सेविका चंपाबाई घरी येऊन वजन करणार होत्या, पण त्या ट्रेनिंगला गेल्या होत्या आणि गुरुवारी परतणार होत्या. तो सोमवार होता. बाळाला घरी येऊन चार दिवस झाले होते.

सकाळी नीलिमा पंचफुलाबाईला म्हणाली, "माय, आपल्याच घरी एवढा चांगला काटा आहे. पाच ग्रॅम बी दाखवते. आपणच पाहू ना."

अमरदीप पहाटेच भाजी आणायला गेला होता. नीलिमानं मला फळीवरून उचलून आत आणलं. गरम पाण्यानं माझं ताट धुतलं, पुसलं, त्यावर लुगड्याचं दुपटं चौघडी करून ठेवलं. बटण दाबून मला शून्यावर आणलं. आणि मग दोन्ही हातांनी तिला माझ्यावर ठेवलं.

मित्रांनो, तोवर मी जे जे तोललं होतं ते सगळं स्वस्थ पडून राहणारं होतं. कांदा ठेवला की कांदा. आकडा लगेच थांबायचा. हे वजन थांबतच नव्हतं. तिनं श्वास घेतला की आकडा पाच ग्रॅमनं चढायचा, सोडला की उतरायचा. तिनं पाय ताणला, आकडा पळाला. तिनं मूठ उघडली आणि मिटली, तर तेवढ्यानंही माझ्या पोटातली पट्टी थरथरली. लाख माणसांचा बाजार मी तोलला असेन, पण माझ्या ताटात असलेलं कोणी मला आतून हलवत होतं ते पहिल्यांदाच. आणि एवढ्या मोठ्या धावपळीचं, कूलरचं, सुयांचं, अमरदीपच्या भीतीचं, सगळ्याचं कारण हे एवढं. चांगल्या दुधी भोपळ्याहून हलकं.

मग ती क्षणभर स्थिर झाली. आकडा थांबला. अठराशे पंचवीस.

"माय! पंचवीस ग्रॅमनं वाढली!" नीलिमा ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसत होती.

माझी पट्टी सतराशे चाळीसची वाकली होती. बाळ वाढलं नव्हतं. साठ ग्रॅमनं उतरलं होतं. मला ते ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. माझ्याकडे बोलायला तेवढेच चार आकडे होते, आणि तेच खोटे होते.

"झोपू दे आता लेकराले," पंचफुलाबाई म्हणाली. "रात्रंदिवस उठवून उठवून दमली ती. वाढून राह्यली ना? मंग?"

नीलिमानं मान हलवली. तिलाही झोप हवी होती. बाळ झोपलं. दोन तास झाले, चार झाले, कोणी उठवलं नाही. ते शांत झोपलंय याचा घरात आनंद होता. ते दूध मागत नाही, कारण मागायची ताकदच उतरत चालली आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

अमरदीप भाजी घेऊन आला. नीलिमानं दारातच सांगितलं, "अठराशे पंचवीस भरली!"

"कशावर?" त्यानं विचारलं.

"कशावर मंजी? आपल्या काट्यावर."

त्याच्या हातातली मिरच्यांची पिशवी जमिनीवर टेकली. "बरं झालं," तो म्हणाला. मला उचलून त्यानं बाहेर फळीवर ठेवलं. दुकान उघडलं. एका बाईला त्यानं वांगी दिली, आणि पैसे घ्यायला विसरला. मग तो खाली वाकला. फळीखालून त्यानं आईची जुनी लोखंडी वजनं काढली. माझ्यावर एक किलोचं ठेवलं. त्यावर पाचशेचं, मग दोनशेचं. आकडा आला सतराशे पंच्याऐंशी. मग वीस ग्रॅमचं एक पितळी वजन, आणि आणखी एक वीसचं.

अठराशे पंचवीस.

माझ्या ताटात आता लोखंडाची एक लहानशी रास होती, बरोबर त्याच्या मुलीएवढी. त्यानं ती बोटानं मोजली. हजार, पाचशे, दोनशे, वीस, वीस. पुन्हा मोजली. मग माझं बटण बंद करून तो आत गेला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"नीलिमा, काटा खोटा आहे."

"कोणता काटा?"

"आपला. मीच खोटा करून आणला. किलोमागे पन्नास ग्रॅम."

मी वाट पाहत होतो की आता भांडण होईल. पण नीलिमा आधी हिशेब करत होती. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "मंजी ही उतरली."

"साठ ग्रॅम."

"आणि मी दोन टायम दूध नाही पाजलं हिले." तिनं बाळाला हलवलं, तळपायावर टिचक्या मारल्या. बाळ रडलं नाही. नुसते ओठ हलले. "उठा. गाडी पाहा. आत्ताच्या आत्ता."

अमरदीप रस्ता ओलांडून ढाब्यावर धावला. ढाब्याच्या मालकाकडे कार होती. ते हिंदी बोलायचे. त्यांनी गल्ल्यावरून किल्ली उचलली आणि स्वतःच गाडी चालवायला बसले. "बैठो, बैठो. पैसे की बात मत करो," ते म्हणाले. दोन महिने ज्यांच्या कांद्यात रोज एक किलो कमी दिलं होतं, ते हेच. अमरदीप मागच्या सीटवर मान खाली घालून बसला. नीलिमानं बाळाला पदराखाली छातीशी धरलं होतं. गाडी निघून गेली.

पंचफुलाबाई दुकानात एकटी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. फळीखालून तराजू काढला, त्याची धूळ झटकली, आणि दिवसभर हातानं तोलत राहिली. काटा मधोमध आल्याशिवाय ती पिशवीत भाजी टाकत नव्हती.

दवाखान्यात बाळाला पुन्हा भरती करून घेतलं. साखर उतरली होती. नाकातून नळी घालून दूध दिलं. डॉक्टर म्हणाले, आज आणलं ते बरं केलं, उद्या-परवावर ठेवलं असतं तर सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी वजन चढू लागलं. ही बातमी सांगायला अमरदीप दुकानात आला, तेव्हा पंचफुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, आणि मग म्हणाली, "बस."

तो तिच्यासमोर पोत्यावर बसला.

"मी दुसऱ्याच्या काट्यावर बारा वर्षं कापूस टाकला," ती म्हणाली. "दिवसभर वेचायची. बोटं फाटायची. सांजेले काट्यावर गाठोडं टाकलं की दरवेळेस कमी भरे. मले समजे. माह्या डोक्याले ठाऊक राहे न किती ओझं होतं ते. पण बोलली तर उद्या कामाले बोलवत नसत. म्हणून गुमान घरी यायची." तिनं रिकामा पेला त्याच्या हातून घेतला. "तुले मी त्याच पैशात वाढवलं. आन् तू तसाच काटा माह्या दुकानात आणला."

अमरदीप रडला. तिनं त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही.

नीलिमा काय म्हणाली ते तिच्या तोंडून मी नंतर ऐकलं. ती बाळाला घेऊन परत आली त्या दिवशी. "खर्चाची भीती वाटली तर मले सांगायची होती," ती म्हणाली. "लेकरू माह्यं बी आहे. आपण दोघं मिळून भ्यालो असतो. तुमी एकटेच भ्याले, आणि काट्याले जाऊन सांगतलं."

दुसऱ्या दिवशी अमरदीपनं मला पुन्हा पोत्यात गुंडाळलं आणि सरळ वजनमापाच्या ऑफिसात नेलं. साहेबांनी शिक्का पाहिला आणि विचारलं, "हा कोणी तोडला?" "मी तोडायला लावला साहेब," तो म्हणाला. त्याला दंड झाला. कूलरच्या दोन हप्त्यांएवढा. पण माझं पोट उघडून मला पुन्हा खरं करण्यात आलं. माझ्यावर पितळी वजन ठेवलं, आकडा एक हजारावर येऊन थांबला, आणि मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं.

सगळ्यात अवघड काम पुढे होतं. अमरदीपनं ते एकेका गिऱ्हाइकाला स्वतः सांगितलं. ढाब्याच्या मालकांनी ऐकलं, बराच वेळ बडीशेप चघळत राहिले. मग विचारलं, "बच्ची ठीक है ना?" "हो," तो म्हणाला. "बस. लेकिन प्याज अब मैं दूसरी जगह से लूँगा." आणि त्यांनी तसंच केलं. आजही ते आमच्याकडे कांदे घेत नाहीत. मुलीला मात्र दिसली की हाक मारतात.

काहींनी शिव्या दिल्या. काही नुसते यायचे थांबले. अमरदीप उरलेल्यांना किलोमागे पन्नास ग्रॅम जास्त देऊ लागला, दोन महिने. रामाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी घेतलेले पाव किलो टमाटे पिशवीतून काढले, एकेक करून परत टोपलीत ठेवले आणि निघून गेले. आठ दिवस आले नाहीत.

त्या आठ दिवसांत नीलिमानं एक गोष्ट ठरवली. बाळाचं वजन आता आतल्या खोलीत करायचं नाही. दर सोमवारी सकाळी, बाजार भरताना, दुकानाच्या फळीवर करायचं. "सगळ्यांसमोर," ती म्हणाली. चंपाबाई परत आल्या होत्या. त्या आधी आपल्या काट्यावर बाळाला तोलायच्या, मग माझ्यावर. पहिल्या सोमवारी चार-पाच जण उभे राहिले. चंपाबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला. एकोणीसशे दहा. कोणीतरी म्हणालं, "वा!" पुढच्या सोमवारी पंधरा-वीस माणसं होती. एक ट्रक ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन तिथेच उभा राहिला.

चंपाबाई आकडा वाचणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा."

रामाजी होते. त्यांनी पिशवीतून लोखंडाचं एक वजन काढलं. एक किलोचं. घरून आणलेलं, स्वतःचं. त्यांनी नीलिमाला खूण केली, तिनं बाळाला उचललं. रामाजींनी वजन माझ्या ताटात ठेवलं आणि वाकून, चष्मा वर सरकवून आकडा पाहिला.

एक हजार.

मग रामाजींनी वजन उचलून पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "ठेव आता पोट्टीले."

नीलिमानं तिला ठेवलं. माझे आकडे पळू लागले, चढले, उतरले, आणि थांबले. दोन हजार पंच्याहत्तर. कोणीही तिच्यावर काही ठेवलं नव्हतं. आठ दिवसांत ती स्वतःच, आईच्या दुधावर, दीडशे ग्रॅमहून जास्त झाली होती. मी हजारो वेळा वजन वाढलेलं पाहिलं आहे. कोणीतरी वरून आणखी एक वांगं टाकतं आणि ते वाढतं. आतून वाढणारं वजन मी तोवर पाहिलं नव्हतं. जगात असं काही असतं हे मला कारखान्यात कोणी सांगितलं नव्हतं.

रामाजींनी मान हलवली. मग पाव किलो टमाटे मागितले.

बाळ अडीच किलोचं झालं तेव्हा विहारात नाव ठेवलं. साक्षी. आता ती तीन वर्षांची आहे. दुकानात नवा काटा आला आहे आणि मी आतल्या खोलीत, खिडकीखाली असतो. साक्षी माझ्यावर चप्पल तोलते, बाहुली तोलते, कधी आजीचा हात उचलून माझ्या ताटात ठेवते आणि आकडा विचारते. तिला आकडे वाचता येत नाहीत. आजीलाही येत नाहीत. दोघी मिळून काहीही सांगतात आणि हसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी पहिलं बाळ येणार असेल, तर दुपटी आणि पाळणा पाहाच. पण घरातल्या मोठ्यांकडेही पाहा. कोणी गिऱ्हाइकासमोर गप्प उभं राहत असेल, कोणी विनाकारण सगळ्यांना काहीतरी फुकट वाटत असेल, तर त्यांना विचारा, तुम्हाला कशाची भीती वाटते? विचारायला पैसे लागत नाहीत. आणि घरात आलेल्या बाळाला नीट जागं करा, दूध पाजा, दर आठवड्याला तोला.

एक विनंती माझ्यासाठी. चंपाबाईंचा काटा बंद पडला की त्या अजूनही गल्लीतली नवी बाळं माझ्याकडे आणतात. पण माझ्या शिक्क्याची मुदत संपून दोन वर्षं झाली, आणि माझी पट्टी आता म्हातारी होत आली आहे. पुढच्या महिन्यात आणखी एक बाळ यायचं आहे. तुमच्यापैकी कोणी आदिलाबादला जात असेल तर मला पिशवीत घालून न्या. तपासून घ्या. चुकत असेन तर दुरुस्त करा. दुरुस्त होत नसेन, तर बाळाला माझ्यावर ठेवू नका. मला वाईट वाटणार नाही.